साथरोग, शाळा आणि पालकांची संमती : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१८९७ ते २०२२)

प्रस्तावना

साथरोगांच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने शासन, वैद्यकशास्त्र आणि मृत्यूंची आकडेवारी या तीन अंगांनी झाले आहे. साथीच्या काळात मुलाला शाळेत पाठवावे की घरी ठेवावे, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या पानांवर क्वचितच येतो. वास्तविक हा प्रश्न प्रत्येक साथीत लाखो घरांत विचारला गेला आणि त्याचे उत्तर प्रत्येक घराने आपापल्या कुवतीनुसार शोधले. मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत महाराष्ट्रातील पालकांना याच प्रश्नाला अनेकदा सामोरे जावे लागले. शाळा बंद झाल्या, उघडल्या, पुन्हा बंद झाल्या. उघडलेल्या शाळांत कोरोनाचे रुग्ण आढळले, तेव्हा पालकांची द्विधा अवस्था अधिकच तीव्र झाली.

प्रस्तुत लेखात या अनुभवाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. १८९७ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा, २००९ चा स्वाइन फ्लू आणि २०२० नंतरची कोरोनाची साथ या चार टप्प्यांत पालक, शाळा आणि शासन यांचे परस्परसंबंध कसे बदलत गेले, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे. मुलाला शाळेपासून दूर ठेवण्याची मुभा पालकांना प्रत्येक साथीत कमी-अधिक प्रमाणात होती. परंतु शाळेविषयीच्या निर्णयात त्यांचा वाटा नगण्य होता. कोरोनाकाळात ‘संमतिपत्रा’च्या रूपाने पालकांकडे लेखी जबाबदारी आली, मात्र त्या प्रमाणात माहिती आणि अधिकार आले नाहीत, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्लेगची साथ : घराची भीती, शासनाची भीती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले आणि काही महिन्यांत साथ पुण्यापर्यंत पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा संमत झाला. या कायद्याने शासनाला घरात शिरून तपासणी करण्याचे आणि रुग्णांना व त्यांच्या सहवासातील माणसांना अलग ठेवण्याचे व्यापक अधिकार दिले. पुण्यात रँड यांच्या नेतृत्वाखालील प्लेग समितीने लष्करी शिपायांच्या साहाय्याने घरांची झडती घेतली. त्यातून निर्माण झालेल्या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली, हा इतिहास सर्वपरिचित आहे.

या इतिहासाची एक बाजू मात्र कमी चर्चिली गेली आहे. त्या काळातील आई-वडिलांना केवळ रोगाची भीती नव्हती. मूल आजारी आहे हे कळले तर ते घरातून नेले जाईल, ही भीती तितकीच मोठी होती. म्हणून रुग्ण लपवले गेले. ज्यांना शक्य होते त्यांनी गाव सोडले. मुंबईतून लाखो लोक बाहेर पडले, तर पुण्यासारख्या शहरांतील अनेक कुटुंबे साथीच्या हंगामात गावाबाहेर झोपड्या बांधून राहू लागली. अशा स्थितीत शाळेत जाणे आपोआपच थांबत असे. निर्णय शाळेचा नव्हता, पालकांच्या स्थलांतराचा होता.

शिक्षणाशी संबंधित दोन घटना या संदर्भात लक्षात घेण्याजोग्या आहेत. १८४८ पासून मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या सावित्रीबाई फुले यांनी प्लेगग्रस्तांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. दुसरी घटना महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेची होय. प्लेगच्या पार्श्वभूमीवर १९०० मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम पुण्यातून हिंगणे येथे हलवला. शिक्षणसंस्थेनेच साथीपासून दूर जाण्याचे ते ठळक उदाहरण ठरते. शाळा बंद करणे आणि शाळा चालू ठेवणे या दोहोंखेरीज शाळा सुरक्षित जागी नेणे हा तिसरा मार्ग त्या काळात उपलब्ध होता. महानगरांच्या वाढीनंतर तो जवळजवळ संपुष्टात आला.

१९१८ चा इन्फ्लुएंझा : हजेरीपटावरील मत

जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझाने देशात प्रवेश केला. या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे मरण पावली, असा अंदाज मांडला जातो. साथीची तीव्रता आणि वेग इतका मोठा होता की, शाळांविषयी एकसूत्री धोरण आखण्यास अवधीच मिळाला नाही.

शाळा हा साथीतील धोका की आधार, या प्रश्नावर त्याच वर्षी अमेरिकेत स्पष्ट वाद झाला. तो तुलनेसाठी उपयुक्त आहे. बहुतेक अमेरिकी शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क आणि शिकागो या शहरांनी मात्र त्या चालू ठेवल्या. दाटीवाटीच्या चाळवजा घरांपेक्षा मूल शाळेत अधिक सुरक्षित असते, तेथे त्याची रोज तपासणी होते, अशी न्यूयॉर्कच्या आरोग्य विभागाची भूमिका होती. डॉ. जोसेफिन बेकर यांनी ती आग्रहाने मांडली. तरीही शिकागोमध्ये शाळा उघड्या असताना मोठ्या संख्येने मुले घरी राहिली. पालकांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी आपले मत हजेरीपटावर नोंदवले. साथीच्या काळातील गैरहजेरी हे पालकांच्या अविश्वासाचे मोजमाप असते, हा धडा पुढील काळासाठी महत्त्वाचा ठरतो.

२००९ : पुण्यातील स्वाइन फ्लू

महाराष्ट्रात शाळा हे साथीचे केंद्र म्हणून प्रथमच ठळकपणे चर्चेत आले ते २००९ मध्ये. जुलै महिन्यात पुण्यातील काही शाळांत स्वाइन फ्लूने बाधित विद्यार्थी आढळले. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका चौदा वर्षीय शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. हा या आजाराने झालेला देशातील पहिला मृत्यू होता. मृत्यू पावलेली व्यक्ती शाळकरी मुलगी असल्यामुळे प्रत्येक पालकाला तो धोका आपल्या दारात आल्यासारखा वाटला. तपासणीसाठी नायडू रुग्णालयाबाहेर मुलांना घेऊन आलेल्या पालकांच्या रांगा लागल्या, मास्कचा तुटवडा निर्माण झाला. पुण्यात आणि पाठोपाठ मुंबईत शाळा, महाविद्यालये व चित्रपटगृहे काही दिवसांसाठी बंद ठेवण्यात आली. यासाठी आधार घेतला गेला तो १८९७ च्याच कायद्याचा.

२००९ च्या प्रसंगातून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, पालकांची मागणी या वेळी शाळा बंद करण्याची होती आणि शासनाचा निर्णय त्या मागणीच्या दिशेने गेला. दुसरी, बंदचा काळ दिवसांत मोजण्याइतका अल्प होता. त्यामुळे घरी राहिलेल्या मुलाचे शिक्षण, आहार आणि देखभाल हे प्रश्न फारसे पुढे आले नाहीत. अकरा वर्षांनी हाच ‘बंद’ दीर्घकाळाचा झाला, तेव्हा हे प्रश्न अग्रभागी आले.

२०२० : बंद शाळा, उघडे प्रश्न

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले कोरोना रुग्ण आढळले. त्यांना दाखल करण्यात आले ते पुन्हा नायडू रुग्णालयातच. १६ मार्चपासून राज्यातील शहरी शाळा बंद झाल्या आणि लवकरच ग्रामीण शाळाही. इयत्ता पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर आधी लांबणीवर पडला, नंतर रद्द झाला. ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ या घोषवाक्याखाली अभ्यासमाला सुरू झाली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका प्रसारित झाली. शिक्षणाचे स्थान शाळेतून घरात आले आणि पालकावर अनपेक्षितपणे शिक्षकाची भूमिका येऊन पडली.

ही भूमिका सर्वांना सारखी पेलणारी नव्हती. ‘असर’च्या २०२१ च्या राष्ट्रीय अहवालानुसार सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, परंतु अशा घरांतील सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित कुटुंबांमधील सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. तीत ग्रामीण भागातील केवळ ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत असल्याचे आणि ३७ टक्के मुले अजिबात शिकत नसल्याचे आढळले. वडिलांचा फोन वडिलांबरोबर कामावर जात होता. तो रात्री घरी परते तोवर मुलाचा दिवस संपलेला असे.

संमतिपत्राचा उदय

२३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास शासनाने मुभा दिली. अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाकडे सोपवण्यात आला. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांनी शाळा बंदच ठेवल्या. वर्ग सुरू होण्यापूर्वी शिक्षकांची चाचणी झाली आणि तीत एक हजारांहून अधिक शिक्षक बाधित आढळले. विद्यार्थ्यांसाठी उपस्थिती सक्तीची नव्हती. मात्र जे विद्यार्थी येतील त्यांच्या पालकांची लेखी संमती बंधनकारक करण्यात आली. पहिल्या दिवशी राज्यातील सुमारे ५९ लाख विद्यार्थ्यांपैकी जेमतेम तीन लाख विद्यार्थी उपस्थित राहिले. शिकागोतील हजेरीपटाचा अनुभव शंभर वर्षांनी महाराष्ट्रात नव्या रूपात दिसून आला.

संमतिपत्र ही या काळातील ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची नवी बाब होय. प्लेगच्या काळात शासनाने पालकांना विचारले नव्हते. २००९ मध्येही विचारले नव्हते. २०२० मध्ये प्रथमच पालकाची सही मागण्यात आली. वरवर पाहता हा पालकांच्या अधिकाराचा स्वीकार होता. तथापि या कागदाचे स्वरूप तपासले असता वेगळे चित्र दिसते. पालकाची संमती आपल्या पाल्याला पाठवण्यापुरती होती. वर्गात किती मुले बसतील, शौचालयात पाणी असेल की नाही, रुग्ण आढळल्यास ते कोणाला आणि केव्हा कळवले जाईल, या बाबींवर पालकाला मत नव्हते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असणे आवश्यक आहे. अशी कायदेशीर यंत्रणा अस्तित्वात असताना सामूहिक निर्णयाऐवजी प्रत्येक पालकाकडून स्वतंत्र सही घेण्यात आली. सामूहिक प्रश्नाचे रूपांतर वैयक्तिक जोखमीत झाले.

या चित्राला एक अपवाद नोंदवला पाहिजे. ७ जुलै २०२१ च्या शासन निर्णयान्वये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्याची तरतूद झाली. त्यासाठी गाव किमान एक महिना रुग्णमुक्त असणे, ग्रामपंचायतीने ठराव करणे आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णय घेणे अपेक्षित होते. गावातील रुग्णांची माहिती सर्वांना असते, निर्णय घेणारी माणसे रोज समोर भेटतात. त्यामुळे येथे संमतीला काही सामूहिक आशय होता. याच सुमारास राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने केलेल्या सर्वेक्षणात ८० टक्क्यांहून अधिक पालकांनी शाळा सुरू करण्याच्या बाजूने कौल दिला. १७ ऑगस्टपासून शाळा उघडण्याचा निर्णय मात्र जाहीर होऊन कृती दलाच्या आक्षेपानंतर स्थगित झाला. पालकांचा कौल घेतला गेला, परंतु तो निर्णायक ठरला नाही.

शाळेत रुग्ण आढळल्यानंतर

पालकांच्या स्थितीचे खरे स्वरूप समजते ते शाळेतच रुग्ण आढळल्यानंतर. येथे तीन घटना उदाहरणादाखल घेता येतील.

पहिली घटना वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील देगाव येथील निवासी शाळेची. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस तेथील वसतिगृहातील ३२७ विद्यार्थ्यांपैकी २२९ विद्यार्थी बाधित आढळले. शाळेचा परिसर प्रतिबंधित क्षेत्र म्हणून घोषित झाला. बहुसंख्य विद्यार्थी अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतील होते आणि नेमक्या त्याच आठवड्यात अमरावती शहरात टाळेबंदी लागू झाली होती. मूल दूर, शाळा प्रतिबंधित आणि घराभोवतीही साथ, अशा तिहेरी कोंडीत हे पालक सापडले. मुलाला घरी आणणे हा पालकांचा परंपरागत उपाय येथे निष्प्रभ ठरला, कारण घर हे सुरक्षित स्थान उरले नव्हते.

दुसरी घटना नवी मुंबईतील घणसोली येथील. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील एका शाळेत १८ विद्यार्थी बाधित आढळले. त्या सुमारास एका विद्यार्थ्याचे वडील कतारहून परतले होते. वडिलांची चाचणी नकारात्मक आली, मुलाची मात्र सकारात्मक. शेकडो विद्यार्थ्यांची तपासणी झाली आणि शाळा काही दिवस बंद राहिली. ओमायक्रॉनच्या आगमनाचा तो काळ होता. दिवसशाळेत पालकाला शाळेची भीती वाटते, तशीच शाळेला घराची भीती वाटते आणि एका पालकाला दुसऱ्या पालकाची. ‘संसर्ग कोणाच्या घरून आला’ हा प्रश्न अशा वेळी वैद्यकीय न राहता सामाजिक होतो. प्लेगच्या काळात रुग्ण लपवण्यामागे जी मानसिकता होती, तिचे बीज याच प्रश्नात आहे. कुटुंबाकडे बोट दाखवले गेले तर पुढच्या वेळी ताप आलेल्या मुलाची माहिती शाळेला कोण देईल?

तिसरी घटना तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथील जवाहर नवोदय विद्यालयाची. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस तेथे प्रथम १९ विद्यार्थी बाधित आढळले आणि काही दिवसांतच ही संख्या पन्नाशीच्या घरात गेली. नवोदय विद्यालयांतील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असतात. प्रवेश परीक्षेद्वारे मिळतो आणि शिक्षण व निवास यांची सोय शासन करते. अशा शाळेतील जागा ग्रामीण कुटुंबासाठी मुलाच्या भवितव्याची एकमेव संधी असू शकते. ती जोखीम म्हणून सोडून देणे त्या पालकाला परवडणारे नव्हते. संमतिपत्रावरील सही स्वेच्छेची असली, तरी पर्याय नसताना दिलेल्या संमतीला स्वेच्छा म्हणावे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

तिन्ही घटनांच्या वेळी एक बाब समान होती. पंधरा ते अठरा वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ पासून आणि बारा ते चौदा वयोगटाचे १६ मार्च २०२२ पासून सुरू झाले. म्हणजे या शाळांतील मुलांना लसीचे संरक्षण नव्हते. देगावच्या घटनेच्या वेळी तर सर्वसाधारण पालकांचेही लसीकरण सुरू झालेले नव्हते. मुलाकडून घरातील आजी-आजोबांना संसर्ग होईल, ही चिंता एकत्र कुटुंबांत मुलाच्या आजाराइतकीच मोठी होती.

या भीतीला शास्त्रीय माहितीची जोड कितपत मिळाली? जून-जुलै २०२१ मधील चौथ्या राष्ट्रीय सेरो सर्वेक्षणात सहा ते नऊ वयोगटातील ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वयोगटातील ६१.६ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे आढळली. देशातील बहुतांश शाळा दीर्घकाळ बंद असताना निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता आणि बहुसंख्य मुलांमध्ये आजार सौम्य राहिला होता. ही माहिती संमतिपत्रासोबत सोप्या भाषेत पालकांपर्यंत पोहोचली असती, तर निर्णय भीतीपेक्षा विचारावर आधारला गेला असता. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडताना शाळेत आरोग्य कक्ष असावा आणि डॉक्टर असलेल्या पालकांचे साहाय्य घ्यावे, अशी सूचना देण्यात आली. न्यूयॉर्कच्या १९१८ च्या भूमिकेशी जवळीक सांगणारी ही सूचना उचित होती. परंतु ज्या वस्तीत पालकांमध्ये डॉक्टर नाही, तेथे तिचा उपयोग मर्यादित होता.

जानेवारी २०२२ मध्ये रुग्णसंख्या वाढताच शाळा पुन्हा बंद झाल्या. १५ फेब्रुवारीपर्यंत जाहीर झालेला हा बंद पालक आणि शिक्षणक्षेत्रातून आलेल्या मागणीनंतर शिथिल झाला आणि २४ जानेवारीपासून स्थानिक परिस्थितीनुसार शाळा उघडू लागल्या. २००९ मध्ये पालकांची मागणी शाळा बंद करण्याची होती. २०२२ मध्ये शाळा उघडण्याची मागणी पालकांकडूनच झाली. दोन वर्षांच्या बंदची किंमत मोजल्यानंतर आलेला हा बदल या संपूर्ण कालखंडातील सर्वांत लक्षणीय बदल होय.

निष्कर्ष

१. साथीच्या काळात मुलाला घरी ठेवणे हा पालकांचा सर्वांत जुना उपाय आहे. मात्र तो वापरण्याची क्षमता घर, उत्पन्न आणि पर्याय यांवर अवलंबून असते. प्लेगमध्ये गाव सोडू शकणारा आणि कोरोनाकाळात घरी स्वतंत्र फोन देऊ शकणारा पालक यांच्यात हे साम्य आहे.

२. शाळेतील उपस्थिती हे पालकांच्या विश्वासाचे निदर्शक ठरते. केवळ आदेशाने शाळा उघडते. ती भरते मात्र विश्वासाने.

३. संमतिपत्राने पालकाला निर्णयप्रक्रियेत औपचारिक स्थान दिले, परंतु माहिती आणि सामूहिक अधिकार यांच्या अभावी ते प्रामुख्याने जबाबदारीच्या हस्तांतराचे साधन राहिले.

४. शाळेत रुग्ण आढळल्यानंतर माहिती लपवली जाणे किंवा एखाद्या कुटुंबाला दोषी ठरवणे, हे दोन्ही साथनियंत्रणास मारक असतात. १८९७ चा अनुभव याची साक्ष देतो.

५. कोरोनामुक्त गावांतील समित्यांनी स्वीकारलेली सामूहिक निर्णयाची पद्धत आणि शाळा व्यवस्थापन समितीची विद्यमान कायदेशीर रचना यांची सांगड घातल्यास भविष्यातील साथींसाठी अधिक न्याय्य व्यवस्था उभी राहू शकते.

१८९७ मध्ये पालकाच्या दारात शिपाई आला होता. २०२० मध्ये कागद आला. हा बदल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु त्या कागदावर सही करणाऱ्या आई-वडिलांना शाळेविषयी प्रश्न विचारण्याची आणि उत्तर मिळवण्याची हमी जोवर मिळत नाही, तोवर ‘संमती’ या शब्दाला पूर्ण अर्थ प्राप्त होणार नाही. पुढील साथीपूर्वी हा अर्थ निश्चित करणे हे शासन, शिक्षणसंस्था आणि पालक या तिन्ही घटकांचे समान दायित्व होय.